वाल आणि चिंचोके

फुटबॉलमधले मला काही कळत नाही, हे प्रथमच सांगून टाकलेले बरे. माझे मूळ गाव सातारा जिल्ह्यात. चेंडूला लाथ मारण्यापेक्षा माणसाला उचलून तांबड्या मातीत आपटणे हा आमच्याकडे अधिक प्रतिष्ठेचा खेळ. वीस-बावीस वर्षांपूर्वी मराठीचा व्याख्याता म्हणून मी वसईला आलो, आणि पहिल्याच रविवारी माझ्या ध्यानात आले की, इथल्या पश्चिमेकडच्या गावांत सकाळची मिस्सा आणि संध्याकाळची मॅच यांना जवळजवळ सारखाच मान आहे. चर्चला लागून मैदान, मैदानाला लागून केळीची वाडी, आणि वाडीत चेंडू गेला की म्हाताऱ्या बायांची बोलणी. पोरे ती बोलणी खालमानेने ऐकून घेत आणि चेंडू काखेत मारून परत पळत.

२०२२ साली कतारला विश्वचषकाचे सामने झाले, तेव्हा ब्राझील आणि अर्जेंटिना हे दोन देश आमच्या रस्त्यावर समोरासमोरच्या गच्च्यांवर नांदत होते. एका गच्चीवर पोर्तुगालचाही झेंडा होता. चिमाजी अप्पांनी १७३९ साली ज्यांना इथून घालवले, त्यांचा झेंडा रोनाल्डोच्या कृपेने वसईत पुन्हा फडकला, ही गोष्ट मी आमच्या इतिहासाच्या प्राध्यापकांच्या कानावर घातली; पण ते स्वतःच अर्जेंटिनाच्या पक्षात गेलेले असल्यामुळे त्यांनी ती मनावर घेतली नाही. भारताचा झेंडा मात्र कुठल्याच गच्चीवर नव्हता. असायला कारणही नव्हते. विश्वचषकाच्या स्पर्धेत भारत एकदाही खेळलेला नाही.

एका माणसाला हे खुपत होते. ते म्हणजे आमचे शेजारी, मास्तर.

मास्तरांनी एका शाळेत तीस वर्षे ड्रिल शिकवले. आता ऐंशी ओलांडली आहे, गुडघे बोलू लागले आहेत. पण चालताना अजूनही वाटते की, मागून पन्नास पोरे पावले जुळवीत येत असावीत. घरात मास्तरीणबाईंशी ते कुपारी बोलतात, ती मला निम्मीशिम्मी समजते. माझ्याशी मात्र ते स्वच्छ पुस्तकी मराठी बोलतात, बहुधा मी तिचा पगार घेतो म्हणून. त्यांच्या घराला जुन्या पद्धतीचा प्रशस्त ओटा आहे. आजूबाजूला सात-सात मजली इमारती उभ्या राहिल्या, रात्री-अपरात्री पाण्याचे टँकर घुरघुरत येऊ लागले, तरी तो ओटा आणि त्याच्यापुढची विहीर मास्तरांनी विकली नाही.

२०२३ च्या पावसाळ्यापासून मी रोज संध्याकाळी त्या ओट्यावर जाऊन बसू लागलो. कारण फुटबॉल नव्हते. कारण असे की, आमची मुलगी त्या वर्षी बारावीला होती, आणि सायन्सला होती. ज्यांच्या घरात हा योग येऊन गेला आहे, त्यांना अधिक सांगायला नको. टीव्हीवर चादर पडली, पाहुण्यांना फोनवरच वाटेला लावण्यात येऊ लागले, आणि मी घरात खोकलो तरी लक्ष विचलित होते असा ठराव झाला. त्या जून महिन्यात मी आणखी एक काम केले होते. मुलगी आठवीपासून मुलींच्या एका टीममध्ये फुटबॉल खेळत असे, डावीकडची बॅक म्हणून. मी तिचे बूट खोक्यात घातले, खोक्याला सुतळी बांधली आणि ते माळ्यावर टाकून दिले. "परीक्षा झाली की काढू," असे मी म्हणालो. ती काही बोलली नाही. तिने आदळआपट केली असती, तर मला बरे वाटले असते.

तर डिसेंबर उजाडला. नाताळचे दिवस. घराघरांतून गोठे सजू लागले, खिडक्यांत चांदण्या लागल्या, आणि मास्तरांच्या ओट्यावर आशियाई चषकाच्या स्पर्धेची तयारी सुरू झाली. ही स्पर्धा १२ जानेवारी २०२४ पासून कतारलाच व्हायची होती. भारताच्या गटात ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया. जागतिक क्रमवारीत आपण तेव्हा १०२ वे आणि ऑस्ट्रेलिया २५ वा. पहिलाच सामना ऑस्ट्रेलियाशी.

मास्तरांनी ओट्यावर खडूने मैदान आखले आणि आतून दोन वाट्या मागवल्या. एकीत वाल, दुसरीत चिंचोके. पांढरे वाल म्हणजे आपण, काळे चिंचोके म्हणजे प्रतिपक्ष. मास्तरीणबाईंचे म्हणणे पडले की, हे वाल बिरड्यासाठी ठेवले होते. पण देशकार्य म्हणून त्यांनी अकरा दाणे मोजून दिले. बारावा दिला नाही. त्यामुळे आमच्या संघात राखीव खेळाडू कधीच नव्हता.

पहिले दोन-तीन दिवस मी हूं हूं करीत होतो. मग हळूहळू मला त्यात गोडी वाटू लागली. माणसे कुठे उभी करायची, एवढाच तो प्रश्न. पण त्यावर मास्तर दोन-दोन तास बोलत, आणि बोलता बोलता सत्तर वर्षे मागे जात.

मागे जात ते एकाच माणसापाशी. सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे. पेशाने शिक्षक, हे सांगताना मास्तरांची मान थोडी ताठ होई. रहीमसाहेबांनी घडवलेल्या हैदराबाद पोलिसांच्या संघाने १९५० ते ५४ अशी ओळीने पाच वर्षे मुंबईची रोव्हर्स स्पर्धा जिंकली. त्यांतली एक अंतिम लढत दहा-अकरा वर्षांच्या मास्तरांनी आपल्या मामाच्या खांद्यावर बसून कूपरेज मैदानावर पाहिली होती. त्या दिवशी काय पाहिले, असे मी विचारले तेव्हा म्हणाले, "खरं सांगू? मामाची टोपी. पण एक दिसलं. पोलिसांचे खेळाडू चेंडूमागं धावत नव्हते, चेंडूच त्यांना शोधत येत होता."

हेच रहीमसाहेब १९५२ साली भारताचा संघ घेऊन हेलसिंकीच्या ऑलिम्पिकला गेले, आणि युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असे धुऊन काढले. आपल्यातले काही जण अनवाणी खेळले होते. त्यातून आपल्याकडचे सामने तेव्हा सत्तर मिनिटांचे, आणि तिथे नव्वद. दुसरा कुणी असता तर थंडीला, बुटांना नाहीतर नशिबाला बोल लावून मोकळा झाला असता. रहीमसाहेब अभ्यासाला बसले. त्या काळी हंगेरीचा संघ सगळ्यांना भारी पडत होता. १९५३ साली त्याने इंग्लंडला इंग्लंडच्याच वेम्बली मैदानावर ६-३ असे हरवले. कसे? इथे मास्तर एक वाल उचलून दाखवीत. सेंटर फॉरवर्ड म्हणजे अगदी पुढे, शत्रूच्या दारात उभा राहणारा गडी. त्याला अडवायला शत्रूचा एक गडी नेमलेला असतो. हंगेरीने काय केले, तर आपला सेंटर फॉरवर्ड हिदेगकुटी याला चांगला वीस पावले मागे ओढून घेतले. आता त्याच्यावर नेमलेल्या इंग्रजाची पंचाईत झाली. त्याच्यामागे जावे तर दार उघडे पडते, आणि दार धरावे तर तो मधे मोकळा सुटतो.

"म्हणजे कर्ता वाक्याच्या मधेच जाऊन बसला," मी म्हणालो.

"तुमचं व्याकरण तुम्हाला लखलाभ," मास्तर म्हणाले, "पण हो, तसंच."

हीच युक्ती रहीमसाहेबांनी आपल्या संघात आणली. पुढे १९५८ साली ब्राझील ज्या रचनेवर जगज्जेता झाला, ती चार-दोन-चारची मांडणी, तिच्या वाटेवर रहीमसाहेब आधीच निघालेले होते, असे जुने जाणकार सांगतात. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये त्याचे फळ दिसले. आपण ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरी ४-२ असे हरवले, आणि त्यांतले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझाचे. मूळचा गोव्याचा, मुंबईत खेळणारा हा गडी. ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई. त्याला मास्तरांनी पुढे कूपरेजवर अनेकदा पाहिले, विरारच्या गाडीला लोंबकळत जाऊन. उपान्त्य सामन्यात पुन्हा तोच युगोस्लाव्हिया समोर आला. चार वर्षांपूर्वी ज्याने दहा गोल चढवले, त्याला आपण मध्यंतरापर्यंत एकही करू दिला नाही, आणि मध्यंतरानंतर पहिला गोल केला तो नेव्हिलने. शेवटी आपण ४-१ असे हरलो. पदक न मिळता चौथे आलो. पण मास्तर ती अधली काही मिनिटे, ज्यांत भारत युगोस्लाव्हियाच्या पुढे होता, अजून खिशात बाळगून आहेत. अधूनमधून काढून पाहतात.

मात्र ओट्यावरची खरी कथा जकार्ताची. १९६२ च्या आशियाई खेळांत पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपल्याला २-० असे हरवले. पुढच्या, थायलंडच्या सामन्यात जर्नेलसिंग या आपल्या भक्कम बॅकचे डोके फुटले, टाके पडले. बचावातला भिंतीसारखा माणूस गेला. आता काय करायचे? माझ्यासारख्याने त्याला विश्रांती दिली असती. रहीमसाहेबांनी उपान्त्य सामन्यात त्याला डोक्याला पट्टी बांधून मैदानात आणले, आणि उभे केले कुठे, तर आघाडीला, सेंटर फॉरवर्ड म्हणून! मागे अरुण घोष होता. जर्नेलने दक्षिण व्हिएतनामविरुद्ध गोल केला. चार सप्टेंबरला अंतिम सामना, समोर पुन्हा दक्षिण कोरिया. लाखभर प्रेक्षक, आणि राजकारणाच्या काही कारणाने ते सारे आपल्यावर खवळलेले. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने गोल केला, विसाव्याला जर्नेलने. आपण २-१ असे जिंकलो. त्या संघात मधल्या फळीत फोर्तुनातो फ्रँको होता, तोही गोव्याचा, मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणारा. रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोगाने ग्रासले होते. वर्षही उलटले नाही, जून १९६३ मध्ये ते गेले.

"बॅकला पुढं खेळवलं," मास्तर दर वेळी इथे थांबत. "सगळं यात आहे, प्रोफेसर. माणूस कुठं उभा आहे ते सगळेच बघतात. तो कुठं उभा राहू शकेल ते बघायला डोळा लागतो."

मी मान हलवली. ती मान मी कशाला हलवतो आहे, हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आता २०२४ चा संघ. प्रशिक्षक इगोर श्तिमाच, १९९८ च्या विश्वचषकात तिसऱ्या आलेल्या क्रोएशियाच्या संघातला खेळाडू. त्याला मोठे शिबिर हवे होते. मिळाले जेमतेम दोन आठवडे, कारण आपली लीग डिसेंबरच्या अखेरीपर्यंत चालूच होती. त्यात अन्वर अली, जीकसन सिंग, आशिक कुरुनियन असे मोक्याचे गडी दुखापतीने घरी बसलेले. मास्तर एकेक वाल मांडीत आणि उसासा टाकीत. बचावात संदेश झिंगन आणि मुंबईचा राहुल भेके. "भेके आपला," असे म्हणून तो दाणा ते जरा हळुवार ठेवीत. पुढे सुनील छेत्री. वय ३९, नावावर ९३ आंतरराष्ट्रीय गोल. खेळत असलेल्यांत त्याच्यापुढे दोनच माणसे, रोनाल्डो आणि मेस्सी.

इथे मला माझ्या विषयाचा आधार सापडला. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. कर्ता येऊन गेला, कर्म झाले, विशेषणांची मिरवणूक निघून गेली, तरी क्रियापद आल्याशिवाय वाक्याला अर्थ नाही. आपल्या संघात कर्ते पुष्कळ होते, विशेषणे तर वर्तमानपत्रांनी पुरवली होती. क्रियापद मात्र वीस वर्षे एकच, छेत्री. तो दमला की वाक्य अधांतरी. हा सिद्धांत मी मास्तरांना ऐकवला. त्यांनी थोडा विचार केला आणि मला प्रथमच चहाबरोबर केक दिला.

ऑस्ट्रेलियाचा धसका दुसराच होता, उंचीचा. त्यांचा सौटर साडेसहा फुटी. कोपऱ्यातून चेंडू उंच आला की त्याचे डोके आपल्या माणसांच्या एक वीत वर. तेव्हा मास्तरांनी नवी मांडणी केली. चार वाल मागे, त्यांच्यापुढे पाच, आणि छेत्रीचा एकटा वाल पुढे. दोन्ही रांगांमध्ये चार बोटांचेही अंतर नाही. चिंचोक्यांनी कुठूनही यावे, त्यांना पांढरी भिंतच लागावी. मी ती रचना निरखून पाहिली आणि म्हणालो, "मास्तर, हा तर वसईचा किल्ला झाला."

मास्तर खूष झाले. रचना पक्की ठरली. नाताळ होऊन गेला होता, संघ दोह्याला पोचला होता, आणि श्तिमाचला कळवायचे तेवढे बाकी राहिले होते.

तेवढ्यात मुलगी चहाची किटली घेऊन आली. आमच्या घराची खिडकी त्या ओट्याकडे उघडते. तिथेच तिचे टेबल. सहा महिने ती भौतिकशास्त्राच्या पुस्तकावर वाकून आमचे हे संमेलन ऐकत असली पाहिजे, ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती. तिने किटली ठेवली, क्षणभर मैदानाकडे पाहिले आणि विचारले,

"आजोबा, यांनी चेंडू अडवला. मग द्यायचा कुणाला?"

"छेत्रीला," मास्तर म्हणाले.

"त्याच्याभोवती तीन चिंचोके आहेत."

मास्तरांनी पाहिले. खरोखरच तीन होते.

"मग चेंडू तिकडून परत येणार," ती म्हणाली. "परत अडवायचा. परत येणार. पन्नास मिनिटं अडवाल. पुढं?" आणि वाकून तिने पाचांच्या रांगेतला डावीकडचा एक दाणा उचलला, पार रेषेच्या कडेला, मैदानाच्या मध्यावर नेऊन ठेवला. एकटा. मग किटली तिथेच ठेवून ती आत गेली.

मास्तर बराच वेळ त्या दाण्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, "पण भिंतीला खिंडार पडलं की!" मास्तरांनी मान वर केली नाही. "प्रोफेसर, किल्ल्याला भिंत होतीच," ते म्हणाले. "अप्पांनी वेढा घातला तेव्हा आतले काही कमी लढले नाहीत. तीन महिने लढले. पण गोव्याहून कुमक यायची ती आली नाही, मराठ्यांनी तिकडंही फौज घातली होती. बाहेर आपलं माणूस नसलं की आत कितीही दिवस काढा." मग थोडे थांबून, मला उद्देशून नव्हे असे, म्हणाले, "तीस वर्षं मी ड्रिल शिकवलं. मुलांना फुटबॉल, मुलींना लंगडी आणि लेझीम. कुणी तसं करा म्हणून सांगितलं नव्हतं. मलाच सुचलं नाही."

१३ जानेवारी, शनिवार, संध्याकाळी पाच. मास्तरांच्या टीव्हीसमोर आम्ही सात-आठ जण. माझ्या खास परवानगीने मुलगीही आली होती, नव्वद मिनिटांपुरती. संघ मैदानात आले आणि मास्तर पुढे वाकले. "पंच बाई आहेत?" होत्या. जपानच्या योशिमी यामाशिता. पुरुषांच्या आशियाई चषकात पंचगिरी करणाऱ्या त्या पहिल्याच. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. (या मुलींच्या बाबतीत पुढचे सांगून टाकतो. ५ जुलै २०२५ ला आपल्या मुलींच्या संघाने थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असे हरवले आणि महिलांच्या आशियाई चषकात पात्रता सामने जिंकून प्रथमच प्रवेश मिळवला. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. त्या रात्री मास्तरांनी ओट्यावरून मोठ्याने हाक मारून मला ही बातमी दिली, आणि सात मजल्यांतले दिवे लागले.)

सामना मी वर्णन करून सांगणार नाही. ज्यांनी पाहिला त्यांना तो आठवत असेल. सुरुवातीलाच छेत्रीला डोक्याने गोल करण्याची एक संधी आली, चेंडू थोडक्यात बाहेर गेला. त्यानंतर पूर्वार्धभर झिंगन, भेके आणि मंडळींनी जी भिंत उभी केली, ती पाहून आमच्या खोलीतल्या प्रत्येकाला आपण फुटबॉल जाणतो असे वाटू लागले. मध्यंतराला ०-०. मास्तरीणबाईंनी सर्वांना गोड दिले. मुलगी तेवढी गप्प. चेंडू अडवला जात होता, लाथाडला जात होता, आणि भिंतीवर फेकलेल्या चेंडूसारखा परत येत होता. पुढे तो धरून ठेवणारे कुणी नव्हते. पन्नासाव्या मिनिटाला आपल्या गोलरक्षकाने उडी घेऊन ठोसलेला चेंडू नेमका आयर्विनच्या पुढ्यात पडला. त्र्याहत्तराव्या मिनिटाला नुकत्याच मैदानात उतरलेल्या जॉर्डन बॉसने दुसरा गोल केला. ०-२. पुढे उझबेकिस्तानने तीन गोल केले, सीरियाने एक, आणि तीन सामन्यांत एकही गोल न करता आपण परत आलो. माझे क्रियापदाचे म्हणणे खरे ठरले, त्याचा काही आनंद झाला नाही.

"गोलीला दोष देऊ नका," पंचांची शेवटची शिट्टी झाल्यावर मास्तर म्हणाले. पन्नासाव्या मिनिटाचा उल्लेख कुणीच केला नाही. मुलीने घड्याळ पाहिले, "येते आजोबा," म्हणाली आणि जाऊन पुस्तकावर बसली.

त्या रात्री मला झोप लागेना. आमच्या घराची मांडणी माझ्या डोळ्यांपुढे येत होती. क्लास, टेस्ट सिरीज, टीव्हीवरची चादर, माळ्यावरचे खोके. सगळे दाणे मागे. चार बोटांचेही अंतर नाही. अखेर मी उठलो, स्टूल घेतले आणि माळ्यावर चढलो. खोके जिथल्या तिथे होते, सुतळी जशीच्या तशी, वजनही बरोबर. खाली आणून सोडले. आत गेल्या वर्षीचे अपेक्षित प्रश्नसंच होते. नीट रचलेले.

"सप्टेंबरपासून," अंधारातून सौ.चा आवाज आला. ती जागीच होती.

"कुठे खेळते?"

"मैदानावर. फुटबॉल आणखी कुठे खेळतात?"

"पण रविवारी सकाळी तर तिचा केमिस्ट्रीचा..."

"अहो, रविवारी तो क्लासच नसतो. चार महिन्यांत तुम्ही एकदा तरी विचारलंत?"

मी स्टुलावर बसलो. परीक्षा महिन्यावर आली होती. "सहामाहीत फिजिक्सला चार मार्क कमी पडले, ते यामुळं," मी म्हणालो.

"हो, यामुळंच," ती शांतपणे म्हणाली. "तिनं ते धरलेच होते. पाच जातील म्हणाली होती." आणि कूस बदलून ती झोपी गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार. साडेसहाला बाहेरचे दार अगदी हळू लागले. मी पाच मिनिटे थांबलो, मफलर गुंडाळला आणि केळीच्या वाडीतल्या वाटेने निघालो. मैदानावर धुके होते. पंधरा-सोळा मुली धावत होत्या. त्यांतल्या चार-दोन आमच्या कॉलेजच्याच निघाल्या. कडेला एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, कानटोपी घालून, गळ्यात शिट्टी अडकवून मास्तर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले न पाहिल्यासारखे केले. शेजाऱ्याच्या विश्वासघाताबद्दल त्यांना चार शब्द सुनवावेत, म्हणून मी तयारी करून आलो होतो. पण तेवढ्यात ती दिसली. ती मागे, बॅकच्या जागी नव्हती. डाव्या बाजूला, पार कडेला, मैदानाच्या मध्यावर एकटी उभी होती. मागून कुणीतरी चेंडू उंच मारला. तो तिच्याकडेच आला, जसा काही पत्ता लिहून टाकलेला असावा. तिने तो पायाखाली घेतला, मान वर केली, आणि समोर मी.

चेंडू तिच्या पायातून निसटला, माझ्या चपलेला लागला आणि बाहेर गेला.

मास्तरांनी शिट्टी फुंकली. "प्रोफेसर," ते खुर्चीतूनच ओरडले, "मागं व्हा, मागं! तुम्ही लाइनीच्या आत उभे आहात."